दिव्यापुढचा अंधार

'दिव्याखाली अंधार' ही म्हण आपल्याकडे फार जुनी आहे. परंतु दिव्याच्या पुढेही अंधार पडतो, हा अनुभव मात्र नव्या मोटारींनी आपणांस आणून दिला आहे. चंद्रपुराहून गडचिरोलीस जाणारा सुमारे ८० किलोमीटरचा रस्ता ज्यांनी रात्री कापला असेल, त्यांना याचा अर्थ समजावून सांगावयास नको. लोहारा मागे पडले की दोन्ही बाजूंनी जंगल दाटते. चिचपल्ली, मूल, सावली अशी गावे येतात नि जातात. आणि मधल्या काळोखात एकाएकी पांढऱ्याशुभ्र प्रकाशाचा लोट समोरून अंगावर येतो. रस्त्याची कड नाहीशी होते आणि पुढचे काही क्षण चालक केवळ अंदाजाने गाडी हाकतो. गेल्या हिवाळ्यात व्याहाडच्या अलीकडे असाच एक लोट ओसरल्यावर आमच्या मोटारीपुढे अवघ्या काही हातांवर एक सायकलस्वार दिसला. ब्रेक वेळेवर लागला म्हणून अनर्थ टळला. तो बिचारा आमच्या पुढेच चालला होता. समोरच्या दिव्यांनी तो आम्हांस दिसू दिला नव्हता, इतकेच.

डोळ्याची बाहुली प्रकाशापुढे क्षणार्धात आकसते. परंतु गेलेली दृष्टी तितक्या लवकर परत येत नाही. काळोखाला डोळा पुरता सरावण्यास अर्धा तासही लागू शकतो, आणि उतारवयात तर हा त्रास अधिकच. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारी मोटार सेकंदाला सुमारे १७ मीटर अंतर तोडते. म्हणजे तीन सेकंद डोळे दिपले, तर ५० मीटर रस्ता आंधळेपणाने कापला गेला असे समजावे. त्यातून हल्लीच्या एलईडी दिव्यांचा पांढरा, निळसर प्रकाश डोळ्यांस विशेष बोचतो. मूळच्या दिव्याचा आरसा तारेच्या बल्बसाठी घडविलेला असतो. त्यात बाजारातला भलताच एलईडी बल्ब बसविला, की प्रकाश रस्त्यावर पडावयाचा तो चहूकडे उधळतो. मागे भार वाढला की गाडीचे नाक वर उचलले जाते आणि दिव्याचा झोत थेट समोरच्याच्या डोळ्यांत जातो. दिव्याचा झोत खालीवर करण्याची चकती अनेक मोटारींत असते. पण ती फिरविणारे किती निघतील, याची आम्हांस शंका आहे.

शहरात हा त्रास निदान बरोबरीच्यांतला असतो. एका मोटारवाल्याने डोळे दिपविले, तर दुसरा आपले दिवे उघडझाप करून त्यास समज देतो. या वनप्रदेशात मात्र समोर नेहमी मोटारच असते असे नाही. धानाची कापणी-मळणी आटोपून परतणारा ट्रॅक्टर असतो, पाठीमागे लाल काचही नसलेली बैलगाडी असते, बिनदिव्याची सायकल असते. दिवाळीपासून होळीपर्यंत झाडीपट्टीत नाटकांचा हंगाम. वडसा-देसाईगंजहून मंडळ्या गावोगाव निघतात. रात्री उशिरा उघडलेला पडदा पहाटे पडतो, आणि प्रेक्षक बायकामुलांसह काळोखातूनच घरी परततात. चितळ, रोही, रानडुक्कर यांची गोष्ट तर त्याहून वेगळी. दिव्याचा झोत पडला की हे मुके जीव पळण्याऐवजी कित्येकदा जागच्या जागी थिजतात. यांपैकी कोणापाशीही उघडझाप करावयास दिवा नाही. त्यांची तक्रार चालकाच्या कानी येते ती बहुधा धडक बसल्यावरच! सुरजागडच्या लोहखनिजाची वाहतूक सुरू झाल्यापासून आलापल्ली-आष्टीकडच्या रस्त्यांवर अवजड वाहनांची जी रहदारी वाढली आहे, तिच्यामुळे हा धोका दुणावला आहे.

कायदा याबाबत मुका आहे असे मुळीच नाही. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतील १०६ वा नियम सांगतो, की दिव्यापासून ८ मीटर अंतरावर आणि जमिनीपासून दीड मीटर उंचीवर ज्याचे डोळे असतील अशा कोणाही व्यक्तीचे डोळे दिपता कामा नयेत, इतका झोत खाली वळविलेला असावा अथवा चालकास तो वळविता यावा. वाचकांनी 'कोणाही व्यक्तीचे' या शब्दांकडे लक्ष द्यावे. नियमकर्त्यांनी 'चालकाचे' असे म्हटलेले नाही. दीड मीटर ही तर पायी चालणाऱ्याच्या नजरेचीच उंची! नियमाने ज्यास संरक्षण दिले, त्यास तो नियम ठाऊक नाही. आणि ज्यास ठाऊक असावयास हवा, तो ट्रकच्या पाठीवर 'यूज डिपर ॲट नाइट' असा उपदेश रंगवून स्वतः भर झोत टाकीत चालला आहे.

एके काळी मोटारींच्या दिव्यांच्या वरच्या भागास काळा रंग फासलेला दिसे. तो उपाय ओबडधोबड होता खरा, परंतु समोरच्या माणसाची आठवण त्यात होती. आज उपाय अधिक नेटके आहेत. परिवहन खात्याने वाहनाच्या योग्यतेचा दाखला देताना झोताची दिशा यंत्राने कसोशीने तपासावी; केवळ दिवा लागतो की नाही, एवढे पाहून समाधान मानू नये. नियमबाह्य बल्ब रस्त्यावर पकडण्याबरोबरच ते विकणाऱ्या दुकानातही पकडावेत. बैलगाड्या, ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या आणि सायकली यांना प्रकाश परतविणाऱ्या लाल पट्ट्या लावण्याचे काम ग्रामपंचायतींनी हंगामापूर्वीच हाती घ्यावे. त्यास खर्च तो असा कितीसा येणार?

परंतु सर्वांत स्वस्त उपाय चालकाच्या बोटाशी आहे. समोर दिवा दिसला की झोत खाली घ्यावा, हे आपण शिकलो आहोत. या दोन जिल्ह्यांच्या रस्त्यांवर त्याच्या पुढचा एक धडा शिकावा लागेल: समोर दिवा नसला तरी माणूस असू शकतो. जो उलट दिवा दाखवू शकत नाही, त्याच्यासाठी ज्याचा हात आपण होऊन डिपरकडे जाईल, तोच खरा सुसंस्कृत चालक, असे आम्ही म्हणू.