वेबपृष्ठाच्या शीर्षकाची लांबी व सर्च इंजिनमधील स्थान

प्रस्तावना :
महाविद्यालयाच्या संकेतस्थळावर शोधनिबंध प्रसिद्ध होतो तेव्हा त्याचे शीर्षक पानावर ठळकपणे झळकते. परंतु त्याच पानाच्या एचटीएमएल संहितेतील ‘टायटल’ या घटकाकडे सहसा लक्ष दिले जात नाही. तेथे संस्थेचे संपूर्ण नाव, महाविद्यालय, गाव, नियतकालिक, अंक आणि सरतेशेवटी निबंधाचा विषय, असा क्रम अनेकदा आढळतो. शोधाच्या निकालात मुख्यतः हाच घटक शीर्षक म्हणून दिसतो, व तोही जागेत मावेल तेवढाच. परिणामी वाचकाला संस्था कळते, विषय कळत नाही.

लांबी व क्रमवारी :
सर्गेई ब्रिन व लॅरी पेज यांच्या १९९८ सालच्या निबंधात, गूगलच्या मूळ रचनेत शीर्षकातील शब्दांची स्वतंत्र नोंद करून त्यांना वेगळा भार दिल्याचे नमूद आहे. शीर्षकाला महत्त्व आहे ते असे. मात्र ‘साठ अक्षरांपेक्षा मोठे शीर्षक क्रमांक घसरवते’ हा प्रचलित समज निराधार आहे. गूगलच्या मार्गदर्शक सूचनांनुसार या घटकाच्या लांबीला मर्यादा नाही. काटछाट होते ती पडद्याच्या रुंदीनुसार आणि केवळ दर्शनी भागात. लांबीचा तोटा अप्रत्यक्ष असतो. महत्त्वाचा शब्द कापला गेला तर वाचक ते पान उघडत नाही. ऑगस्ट २०२१ पासून तर गूगल अतिलांब वा साचेबंद शीर्षकाऐवजी पानावरील मथळाही निवडू शकते. पण ही निवड यंत्राची असते, लेखकाची नव्हे.

देवनागरीचा प्रश्न :
साठाचा ठोकताळा मुळात रोमन लिपीचा. ‘विद्यार्थ्यांची’ या शब्दात डोळ्यांना चार अक्षरे दिसतात; युनिकोडमध्ये मात्र स्वरचिन्हे, हलन्त व अनुस्वार धरून पंधरा चिन्हे मोजली जातात. त्यामुळे अक्षरे मोजणाऱ्या साधनाला मराठी शीर्षक विनाकारण लांब भासते, आणि ते ऐकून संपादकाने एखादा आवश्यक शब्द गाळला तर शोधकर्त्याचा नेमका तोच शब्द हरवतो. येथे मोजणीपेक्षा भ्रमणध्वनीच्या पडद्यावर प्रत्यक्ष पाहणे अधिक विश्वसनीय ठरते. समजा, निबंध येवल्यातील पैठणी विणकरांच्या आर्थिक स्थितीवर आहे. तर ‘येवल्यातील पैठणी विणकर’ हे शब्द आरंभीच यावेत. संस्थेच्या नावाचा अभिमान रास्तच आहे, परंतु त्याची जागा शेवटी.

पीडीएफ अंक :
पीडीएफ फाइलचे शीर्षक ठरविताना गूगल फाइलच्या गुणधर्मांतील शीर्षक व तिच्याकडे नेणाऱ्या दुव्याचा मजकूर विचारात घेते. वर्डमधून तयार केलेल्या फाइलमध्ये तेथे पुष्कळदा ‘मायक्रोसॉफ्ट वर्ड – डॉक्युमेंट वन’ एवढेच उरते. ते दुरुस्त करण्यास एक मिनिट पुरते. संपूर्ण अंक एकाच फाइलमध्ये ठेवल्यास मात्र तीस निबंधांच्या वाट्याला एकच शीर्षक येते, मग त्याची लांबी काहीही असो.