सही अकराच्या आत

सकाळी ६.००

पहिली गोळी अंथरुणातच. उशाशी पाण्याची बाटली, दोन मारी बिस्किटं आणि पिरिडोस्टिग्मिनची ६० मिलिग्रॅमची गोळी रात्रीच काढून ठेवलेली असते. घेतली की लगेच उठायचं नाही. ती लागू पडायला अर्धा-पाऊण तास जातो, मग तीन-चार तास तिचा अंमल, मग ती ओसरते. पुढची साडेनऊला, मग एकला, साडेचारला, आठला. आमच्या घरात आंघोळ, डबा, बँक, पाहुणे, सगळं या वेळांच्या मागून चालतं.

मला मायस्थेनिया ग्रेव्हिस आहे. स्नायू ठीक, मज्जातंतूही ठीक. बिघाड आहे तो दोघं जिथे भेटतात तिथे. मज्जातंतूच्या टोकाशी अॅसिटिलकोलिन नावाचं रसायन सुटतं, ते स्नायूवरच्या ठरावीक जागांना जाऊन लागतं आणि स्नायू हलतो. माझ्याच शरीरानं तयार केलेली प्रतिपिंडं त्या जागा अडवतात, मोडतात. पहिल्यांदा हात उचलला की उचलला जातो. दहाव्यांदा उचलताना निरोपच पोचत नाही. जरा थांबलं की पुन्हा पोचतो. गोळी ते रसायन लवकर विरू देत नाही, एवढंच तिचं काम. मूळ आजाराला ती हात लावत नाही.

हा उपाय सुचला तो १९३४ साली, लंडनमधल्या ग्रिनिचच्या सेंट अल्फेज रुग्णालयातल्या मेरी वॉकर या डॉक्टरबाईंना. आजाऱ्याची अवस्था क्युरारे नावाच्या विषाची बाधा झाल्यासारखी दिसते, हे त्यांनी हेरलं. मग त्या विषाचा उतारा, फायसोस्टिग्मिन, रुग्णाला टोचून पाहिला, आणि मिटलेली पापणी उघडली. माझी गोळी त्याच औषधाच्या घराण्यातली. छताकडे बघत पडल्यापडल्या मला या बाईंची अधूनमधून आठवण येते. देवाच्या नावाआधी येते, हे सासूबाईंना सांगितलेलं नाही.

उठण्याआधी एक परीक्षा. भरपूर श्वास घ्यायचा आणि त्या एकाच श्वासात मोठ्यानं आकडे मोजायचे. चाळिशी ओलांडली की दिवस आपला. विशीशीच अडले तर बँक नाही, थेट रुग्णालय. हा आजार श्वासाच्या स्नायूंनाही धरतो आणि तिथे ‘संध्याकाळपर्यंत बघू’ चालत नाही. पलीकडच्या खोलीतून लेक विचारते, ‘‘आई, कितीवर आलीस?’’ शेजाऱ्यांना वाटत असेल, हिला सकाळी सकाळी पाढे म्हणायला लावतात.

सकाळी ७.००

आंघोळ स्टुलावर बसून, आणि गार पाण्यानं. कढत पाण्याची चैन गेली, कारण उष्णतेनं निरोप आणखीच अडखळतात. जळगावात मे महिन्यात गार पाणी ही शिक्षा नसते म्हणा. टाकीचं पाणीच दहानंतर आपोआप तापतं.

केस मी कापून टाकले. वेणी घालताना दोन्ही हात डोक्यामागे धरून ठेवावे लागतात, आणि तिसऱ्या पेडापाशी हात खाली यायचे. अर्धी वेणी लेकीकडून पुरी करून घेण्यापेक्षा कात्री बरी. आई, म्हणजे सासूबाई, म्हणाल्या, ‘‘सवाष्णीनं एवढे आखूड केस?’’ मग महिनाभरानं स्वतःच म्हणाल्या, ‘‘उन्हाळ्यात बरं पडत असेल.’’ साडीही कपाटात गेली. निऱ्या जमतात, दिवसभर पदर सावरणं जमत नाही.

नाश्त्याबरोबर प्रेडनिसोलोन. हे प्रतिपिंडं बनवणाऱ्या यंत्रणेलाच दाबतं. बदल्यात वजन, साखर आणि हाडांचा ठिसूळपणा देतं. त्याचा डोस कमी करता यावा म्हणून रात्री अॅझाथायोप्रिन. त्याचा गुण यायला काही महिने, कधी वर्षही जातं, आणि तोवर दर थोड्या दिवसांनी रक्त तपासत राहायचं. पिरिडोस्टिग्मिन तासांच्या हिशेबानं चालतं आणि हे वर्षांच्या. दोन्ही एकाच डबीत शेजारी शेजारी बसतात.

सकाळी ९.३०

दुसरी गोळी आणि रिक्षा. स्कूटर विकली, कारण थकले की मला एकाच्या दोन रिक्षा दिसतात आणि त्यातली खरी कुठली हे चौकात ठरवत बसता येत नाही. रिक्षावाले भाऊ ठरलेले. आधी उजवा पाय, मग दांडी धरून बाकीची मी. ते हॉर्न वाजवत नाहीत, मदतीला हातही पुढे करत नाहीत. नुसते थांबतात. मदत करण्याची इतकी चांगली रीत मी दुसऱ्या कोणात पाहिली नाही.

सकाळी १०.०० ते ११.३०

हा माझा सोन्याचा दीड तास. दुसरी गोळी चढलेली असते, अंग रात्रभर विसावलेलं असतं, एसी नुकता लागलेला असतो. या वेळात मला कोणी पाहिलं तर आजारी म्हणणार नाही, आणि तीच अडचण आहे.

पूर्वी बँकेच्या स्ट्राँग रूमची एक किल्ली माझ्याकडे असे. ते दार ओढणं जमेना तेव्हा किल्ली दुसऱ्या अधिकाऱ्याकडे गेली आणि मी कर्जाच्या टेबलावर आले. मे महिना म्हणजे खरिपाची पीक कर्जं. आसोदा-भादलीकडचे केळीवाले येतात, मृग बागेची तयारी चालू असते. सातबारा, आठ-अ, मागच्या कर्जाचा बोजा, मग कागदांची थप्पी. एका फाइलीवर ग्राहकाच्या सह्या अनेक आणि अधिकाऱ्याच्याही अनेक. आणि सही हे माझं सगळ्यांत अवघड काम.

दहा वाजता माझी सही बँकेच्या नमुन्यासारखी येते. अकराच्या सुमाराला आडनावातला शेवटचा फराटा आखडतो. दुपारी तीनला तिथे फक्त एक शिंतोडा उरतो. दिवसभर लोकांच्या सह्या नमुन्याशी ताडून पाहणारी बाई मी. माझीच सही दुपारची असेल तर मी परत पाठवली असती. म्हणून आदल्या दिवशीच्या तपासलेल्या फायली रचून ठेवते आणि सकाळी आधी सह्या उरकते. चार सह्या, मग हात मांडीवर, शेतकऱ्याशी थोडं पावसाचं बोलणं, मग पुन्हा चार. ग्राहकाला वाटतं, मॅडम निवांत आहेत, चौकशी करतात. खरं तर मी हाताची वाट बघत असते. पण त्या चौकशीत बऱ्याचदा मोलाची माहिती हाती लागते: कुणाच्या विहिरीला पाणी नाही, कुणी बाग वाटेकऱ्याला दिली. कर्ज अधिकाऱ्याला हे कळलेलं बरं.

बँकेत असल्यामुळे अनेकजण मला समजावतात, ‘‘शक्ती म्हणजे खात्यातली शिल्लक, जपून काढायची.’’ पटत नाही. खात्यात किती आहे ते सकाळी दिसतं. इथे पासबुक छापलेलंच नसतं. चेक परत आला की कळतं. शिवाय खात्यातली रक्कम दहा वाजता आणि तीन वाजता तेवढीच काम देते. माझं तसं नाही. ‘‘तुम्हाला किती जमतं?’’ या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नाही. ‘‘केव्हा जमतं?’’ असं विचारा, मी मिनिटांत सांगते.

सकाळी ११.३०

डावी पापणी उतरायला लागते. मग आकड्यांचे रकाने दुहेरी होतात. व्याजाच्या रकान्यावर मुद्दलाची सावली पडते. पर्समध्ये चिकटपट्टीची गुंडाळी असते. चष्म्याच्या डाव्या भिंगावर तुकडा लावला की एका डोळ्यानं जग पुन्हा एकेरी. नवीन शिपाई पोरगा पहिल्या दिवशी घाबरला होता. आता तोच फ्रिजमधून बर्फाची पिशवी आणून देतो. मिटलेल्या पापणीवर दोन मिनिटं गारवा धरला की ती थोडा वेळ वर येते. डॉक्टर निदानासाठीही ही युक्ती वापरतात. बर्फ संपला की साहेबांच्या ताकात काय घालायचं, हा शाखेपुढचा गंभीर प्रश्न आहे.

दुपारी १.००

तिसरी गोळी डब्याच्या आधी, कारण चावणं हेही स्नायूंचंच काम. कळण्याची भाकरी माझ्या जिवाची. पण तिचा चौथा घास जबड्याला पेलत नाही. म्हणून वरणात कुस्करलेली पोळी, मऊ भात, भरीत. हनुवटीला हाताचा टेकू देऊन जेवते. जेवताना बोलत नाही, ठसका लागतो. सहकारी आता मला जेवताना प्रश्न विचारत नाहीत. एकमेकांना विचारतात आणि मी मान डोलावते.

नवा माणूस बदलून आला की एक संवाद ठरलेला. ‘‘मॅडम, बच्चनला झाला होता तोच ना हा?’’ हो, तोच. १९८२ मध्ये ‘कुली’च्या चित्रीकरणात जखमी झालेल्या अमिताभ बच्चन यांना पुढे मायस्थेनियाचं निदान झालं, हे त्यांनी स्वतः सांगितलेलं आहे. या एका नावानं माझं समजावण्याचं निम्मं काम वाचतं. उरलेलं निम्मं वाढतं, कारण पुढचं वाक्य असतं, ‘‘पण ते तर अजून काम करतात!’’ करतात. मीही करते. त्यांना कुठला शॉट किती वाजता लावून मिळतो ते मला माहीत नाही.

गोळीनं पोटात मुरडा येतो, कधी जुलाब होतात. यातली खरी धास्ती जुलाबाची नाही, औषधाच्या दुकानाची. आपल्याकडे ‘पोट बिघडलंय’ म्हटलं की काउंटरवरून ओफ्लॉक्सासिन किंवा सिप्रोफ्लॉक्सासिनची पट्टी हातात पडते, आणि हीच प्रतिजैविकं मायस्थेनियाच्या माणसाला अचानक खाली आणू शकतात, अगदी श्वासापर्यंत. जेंटामायसिन, अॅमिकासिन, रक्तदाबाच्या काही गोळ्या, शिरेतून दिलेलं मॅग्नेशियम, यादी लांब आहे. ती छापून पर्समध्ये, मोबाइलच्या कव्हरमागे आणि नवऱ्याच्या पाकिटात ठेवली आहे. दातांच्या डॉक्टरांपुढे मी तोंडाआधी ती यादी उघडते.

दुपारी २.३०

बाहेर पारा त्रेचाळीस-चव्वेचाळीसवर. दार उघडलं की झळ थेट टेबलापर्यंत येते. आवाज नाकातून यायला लागतो, शब्दांची टोकं बोथट होतात. आणि हसू बिघडतं. गालाचे स्नायू वर जायचं विसरतात, ओठ नुसते फाकतात. समोरच्याला वाटतं, बाई दात खाऊन बघतेय. एका आजोबांनी तक्रार केली होती की मॅडम तुच्छतेनं हसल्या. तेव्हापासून दुपारी मी हसत नाही. गंभीर चेहऱ्यानं मान झुकवते. शाखेत माझी दोन रूपं प्रसिद्ध आहेत: सकाळच्या गोड मॅडम आणि दुपारच्या कडक मॅडम. कडक मॅडमकडे कोणी वशिला लावत नाही, हा फायदा.

या वेळात ग्राहक दुसऱ्या टेबलावर जातात. मी स्क्रीनवर उद्याच्या फायली तपासते, तेही मान खुर्चीच्या पाठीला टेकवून. बदल्यात सकाळी त्या टेबलाचं पासिंग मी करते. ही अदलाबदल कुठल्याही परिपत्रकात नाही. शेजारच्या मॅडमनी आणि मी चहावर ठरवलेली आहे.

दुपारी ४.३०

चौथी गोळी. इथे मोह होतो: एक जास्त घेतली तर? तसं चालत नाही. प्रमाणाबाहेर घेतली की हेच औषध उलटं फिरतं. लाळ, घाम, मुरडा, आणि वर पुन्हा अशक्तपणा. मग तो आजाराचा की औषधाचा, हे ओळखणं डॉक्टरांनाही कठीण जातं. त्यापेक्षा दहा मिनिटं डोळे मिटून बसते.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात दिव्यांगत्वाचे २१ प्रकार आहेत, दीर्घकालीन मज्जासंस्था विकार त्यांतला एक. सवलतींसाठी चाळीस टक्क्यांची रेघ आहे. कायदा चांगला आहे. पण टक्का मोजायचा त्या दिवशी मी सकाळी दहाला रांगेत पहिली होते, नुकती गोळी घेतलेली. डॉक्टर म्हणाले, हात वर करा. केला. दुपारी चारला बोलावलं असतं तर कागदावर दुसरीच बाई आली असती. पाय नसेल तर तो सकाळीही नसतो आणि संध्याकाळीही नसतो, तो मोजता येतो. जे तासागणिक येतं-जातं त्याचा टक्का कुठल्या घटकेचा धरायचा?

संध्याकाळी ६.००

आडवी. दिवा बंद, कूलर चालू. यात सांगण्यासारखं काही नाही.

संध्याकाळी ७.४५

पोळ्या नवरा लाटतो. गोल होत नाहीत, आई रोज सांगतात, तो रोज ऐकत नाही. आठची गोळी, अर्ध्या तासानं खिचडी आणि दूध. लेकीला गणित समजावून हवं असतं. तिला ठाऊक आहे की रात्री माझ्याकडे डोकं असतं, आवाज नसतो. ती वही पुढे करते, मी चुकलेल्या ओळीवर बोट ठेवते. तेवढ्यावर ती पुढचं करते. माझ्या मते यानं तिचं गणित सुधारलं. तिच्या मते तसं काही नाही.

रात्री ९.००

शाखेच्या साहेबांचा फोन. पुढच्या आठवड्यात पीक कर्ज मेळावा घ्यायचा आहे, गावातच, मंजुरीपत्रं जागेवर. ‘‘दुपारी तीनला ठेवतोय, मॅडम. तुम्ही नुसत्या बसून राहा. त्रास नको.’’

चांगला माणूस आहे. त्रास नको म्हणताना माझ्याच्यानं काही न होणारी वेळ त्यानं निवडली, हे त्याच्या लक्षातही आलेलं नाही. मी फोन स्पीकरवर टाकला, हनुवटी तळहातावर टेकली आणि तुटक तुटक बोलले, ‘‘सर, सकाळी नऊला ठेवा. सगळ्या फायलींवर सह्या मी करीन. तीनला ठेवलात तर मला खरंच बसूनच राहावं लागेल. आणि चव्वेचाळीस डिग्रीत शेतकरी तरी कुठे येणार?’’

पलीकडे कागद चाळल्याचा आवाज आला. ‘‘नऊला मंडप उभा राहील का, ते विचारावं लागेल,’’ साहेब म्हणाले. ‘‘सकाळी फोन करतो. दहाला चालेल?’’

‘‘साडेनऊ,’’ मी म्हटलं.