चार किलोंचा जीव आणि चौकातले दादा

मोठा कुत्रा घेऊन फिरायला निघालेल्या माणसाकडे रस्त्यावरची मंडळी आदराने पाहतात. अल्सेशियनची साखळी धरलेले गृहस्थ समोरून आले की सायकलवालासुद्धा जरा कडेने जातो. लहान कुत्रे घेऊन निघालेल्या बाईचे तसे नसते. तिच्याकडे पाहून पोरे हसतात, ओळखीच्या बायका "काय हो, लेकराला फिरवायला निघालात का?" म्हणून विचारतात, आणि चौकातली मोकाट कुत्री मात्र अगदी गंभीरपणे उठून उभी राहतात. पोरांचे आणि बायकांचे मला काही वाटत नाही. त्या उठून उभ्या राहणाऱ्यांविषयी चार गोष्टी सांगाव्यात, म्हणून हा लेख.

आमची चिंगी पॉमेरियन जातीची. रंगाने पांढरी, वजनाने जेमतेम चार किलो. लेक नोकरीसाठी पुण्याला गेली, तिथल्या घरमालकाला कुत्रे चालेना, म्हणून चिंगी आमच्याकडे अर्धापूरला आली. अर्धापूर हे नांदेडहून हिंगोलीकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे तालुक्याचे गाव, केळीसाठी प्रसिद्ध. गावाबाहेर पडले की रस्त्याच्या दोन्ही अंगांना केळीच्या बागा लागतात. सकाळी तिकडे फिरायला जाण्यासारखे सुख नाही. ह्यांना डॉक्टरांनी साखरेसाठी रोज चालायला सांगितले होते. दोन वर्षे सांगून जे जमले नाही ते चिंगीने आठ दिवसांत जमवले. पहाट झाली की ती पट्टा तोंडात धरून ह्यांच्या पायाशी उभी. मग उठण्यावाचून गत्यंतर नाही!

गेल्या वर्षी भाद्रपदात एके सकाळी दोघेही दहा मिनिटांतच परत आले. पत्र्याच्या शेडमागून एक काळा कुत्रा न भुंकता धावून आला होता. ह्यांनी चिंगीला उचलले, तोवर तिच्या पाठीला एक झटका बसलाच. ह्यांच्या मनगटावरही ओरखडा उठला. चिंगीच्या अंगावर पाहावे तर दाताच्या दोन बारीक खुणा, रक्ताचे चार थेंब. शेजारच्या काकू म्हणाल्या, "हळद लावा, होईल बरं." पण पशुवैद्यांनी केस कापून पाहिले तेव्हा आत कातडी मांसापासून सुटलेली निघाली. मोठा कुत्रा लहान कुत्र्याला धरतो आणि झटकतो. त्यामुळे वर भोक दिसते तिळाएवढे आणि आत जखम असते तळहाताएवढी. म्हणून लहान कुत्र्याला चावा बसला तर खूण कितीही बारीक असो, ते पशुवैद्याला दाखवावेच.

पंधरा दिवसांत पाठ बरी झाली, पण मन बरे झाले नाही. पट्टा काढला की चिंगी पलंगाखाली जाऊन बसे. ती येईना म्हणून हेही जाईनात. महिन्याभराने ह्यांची साखर तपासली तर पुन्हा चढलेली! तेव्हा माझ्या ध्यानात आले, की हा प्रश्न एकट्या कुत्रीचा नाही. चिंगीला रस्ता परत मिळवून दिल्याशिवाय ह्यांनाही तो मिळणार नव्हता.

कुणाच्या घरातून कोण चालते?

या कामी मला पहिला धडा मिळाला तो आमच्या दूधवाल्याकडून. माझी रड ऐकून तो म्हणाला, "बाई, कामून एवढं भेता? त्याच्या घरातून चालल्यावर तो इचारणारच की!"

तेवढ्या एका वाक्याने माझे डोळे उघडले. आपल्याला जो रस्ता वाटतो ते त्यांचे अंगण असते. हॉटेलमागे उष्टे पडते, मटणाच्या दुकानामागे हाडे पडतात, कचऱ्याचा ढीग तर बारा महिने असतोच. जिथे खायला मिळते तिथे चारसहा कुत्र्यांची टोळी मुक्काम करते आणि त्या जागेला हद्द घालते. हद्द आपल्याला दिसत नाही, त्यांना मात्र वासाने चोख कळते. एक टोळी भुंकत भुंकत विजेच्या खांबापर्यंत आपल्याला पोचवते आणि तिथेच थबकते. कारण खांबापलीकडे दुसऱ्यांचे राज्य!

आठ दिवस मी चिंगीला घरी ठेवून एकटीच हिंडले आणि वहीत आमच्या गल्ल्यांचा नकाशा काढला. कोणत्या कोपऱ्यावर किती कुत्री, ती कोणत्या वेळी जागी, त्यांची हद्द कुठवर, सगळे टिपले. हे हसले. पण त्या नकाशात एक गोष्ट लख्ख दिसली. घरापासून केळीच्या बागांपर्यंत जाणाऱ्या तीन वाटांपैकी एका वाटेवर एकच टोळी होती, आणि ऊन वर आल्यावर तीसुद्धा सावलीला पडून असे. आम्ही वाट बदलली, वेळ तासाभराने पुढे नेली. निम्मे काम तिथेच झाले.

वेळेबरोबर महिनाही पाहावा. भाद्रपद आणि कुत्री यांची सांगड आपल्या पूर्वजांनी उगाच घातलेली नाही. पावसाळ्याच्या शेवटी शेवटी कुत्र्यांचा विणीचा हंगाम सुरू होतो आणि एरवी शांत असणारे कुत्रेही आपसांत भांडू लागतात. कुत्रीचे गर्भारपण साधारण ६३ दिवसांचे. त्या हिशेबाने दिवाळीच्या सुमारास आणि पुढे थंडीत गाडीखाली, पायरीखाली, कडब्याच्या गंजीआड पिले दिसू लागतात. पिलांची आई ही वर्षातली सर्वांत कडक पहारेकरी. जिथे पिले असतील ती गल्ली महिना-दीड महिना सोडून द्यावी. तिच्याशी हुज्जत घालू नये.

हातात काय असावे, मनात काय असावे

गळ्यातल्या पट्ट्याऐवजी छातीवरून व पोटाखालून जाणारा पट्टा लहान कुत्र्याला बरा. वेळ आली तर त्याला पट्ट्यासकट अलगद वर घेता येते, मान आवळत नाही. दोरी आखूड, हातभर असावी. आपोआप लांबणारी दोरी बाजारात मिळते, पण गर्दीच्या गल्लीत ती नको. कुत्रे दहा हात पुढे आणि आपण मागे, अशा वेळी त्याला राखणार कोण? तरीही दोरी सारखी ताणून धरू नये. आपल्या हाताचा ताण दोरीतून त्याला कळतो आणि ते आधीच घाबरते.

समोरून कुत्रा येताना दिसला तर प्रथम त्याच्याकडे नीट पाहावे, मात्र डोळ्याला डोळा भिडवू नये. शेपूट सैल हलवीत, अंग वळवीत, वास घेत येणाऱ्याचे मनात वाईट नसते. अंग ताठ, शेपूट उंच आणि कडक, नजर एका जागी खिळलेली आणि तोंड बंद, असा येईल त्याच्यापासून सावध राहावे. भुंकणाऱ्यापेक्षा न भुंकणारा अधिक वाईट. पळू नये, किंचाळू नये. पळणाऱ्याचा पाठलाग करणे हे कुत्र्याच्या रक्तातच आहे. आपल्या कुत्र्याला पाठीमागे घ्यावे, स्वतः मध्ये उभे राहावे आणि ठाम आवाजात "हाड्!" म्हणावे. खाली वाकून दगड उचलल्याचा नुसता आविर्भाव केला तरी आपल्याकडची बहुतेक मोकाट कुत्री चार पावले मागे हटतात. दगड मात्र मारू नये. आज दगड खाल्लेला कुत्रा उद्या आपल्याला ओळखून असतो.

लहान कुत्र्याला उचलावे की नाही, यावर पुष्कळ वाद आहे. माझा अनुभव असा: उचलायचे तर कुत्री लांब असतानाच, शांतपणे उचलावे आणि छातीशी धरून कुशीवर वळावे. ती पायाशी येऊन भिडल्यावर घाईने वर खेचले, तर त्यांना तो खेळ वाटतो आणि ती अंगावर उड्या घेतात.

हत्यार म्हणून मी छत्री पसंत करते. पावसात उपयोगी, उन्हात उपयोगी, आणि अंगावर येणाऱ्या कुत्र्यासमोर फटकन उघडली की त्याला एकदम भिंतच उभी राहिल्यासारखे वाटते. झुंज लागलीच तर मात्र मध्ये हात घालू नये. सोडवणाऱ्यालाच चावा बसतो. बादलीभर पाणी, अंगावर टाकलेले गोणपाट किंवा जवळ वाजवलेला पत्रा, यांपैकी काहीही हातापेक्षा बरे.

आणि माणसाला ओरखडा जरी उठला, तरी तो धुतल्याशिवाय राहू नये. वाहत्या पाण्याखाली साबणाने पुरती १५ मिनिटे धुवावे, हळद-चुना काही भरू नये, आणि त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठावा. ह्यांनी तेच केले. आमच्या सासूबाई "पोटात चौदा इंजेक्शनं घेणार का रे आता?" म्हणून रडू लागल्या. त्यांच्या काळी ती होती खरी, पण ती जुनी लस आपल्या देशात २००५ च्या सुमारास बंद झाली. आता मोजकी इंजेक्शने दंडात देतात. १८८५ साली लुई पाश्चरने जोझेफ मायस्टर या नऊ वर्षांच्या मुलाला पहिल्यांदा ही लस टोचली, तेव्हापासून माणसाच्या हाती उपाय आहे. पण तो वेळेवर केला तरच! रोगाची लक्षणे एकदा दिसू लागली की जवळजवळ कोणीच वाचत नाही. घरच्या कुत्र्याला दरवर्षी लस द्यावी, आणि त्याला चावा बसला तर पुन्हा टोचून घ्यावी.

हाकला म्हणणारे आणि घाला म्हणणारे

चिंगीच्या निमित्ताने आमच्या गल्लीत दोन पक्ष पडले. एक म्हणे, सगळी कुत्री ट्रॅक्टरमध्ये भरून दूर शिवारात सोडा. कुणी हलक्या आवाजात विषाचेही नाव काढले. दुसरा पक्ष रोज रात्री चौकातच पोळ्या टाकून त्यांची भरती करणारा.

मारून प्रश्न सुटत नाही, हा धडा जुना आहे. मुंबईत १८३२ साली सरकारने बक्षीस लावून मोकाट कुत्री मारायला काढली, तेव्हा कुत्र्याला पवित्र मानणाऱ्या पारशी समाजाने मोठा दंगा केला होता. विष घालणे हा तर १९६० च्या कायद्याने गुन्हाच आहे. दूर नेऊन सोडावीत, तर रिकाम्या झालेल्या हद्दीत दुसरी टोळी येते, आणि ती नवी असल्यामुळे अधिक बावरलेली व भांडखोर असते. म्हणून केंद्र सरकारच्या २०२३ च्या नियमांनी नगरसंस्थांना सांगितले, की कुत्र्यांची नसबंदी करा, लस टोचा आणि त्यांना मूळ जागी सोडा. सर्वोच्च न्यायालयाने २२ ऑगस्ट २०२५ रोजी हीच रीत कायम केली. पिसाळलेल्या आणि हल्लेखोर कुत्र्यांना मात्र त्यातून वगळले, आणि खाऊ घालायचे ते ठरवून दिलेल्या जागीच घाला, असे बजावले. त्याच वर्षी ७ नोव्हेंबरला शाळा, दवाखाने, बसस्थानके अशा ठिकाणची कुत्री तिथे परत सोडू नयेत, असाही आदेश दिला. म्हणजे न्यायालयाने दोन्ही पक्षांचे थोडे थोडे कान उपटले!

आम्ही गल्लीतल्या बायकांनी एवढेच केले. अर्ज लिहून वीस सह्या घेतल्या, आणि पोळ्या टाकणाऱ्या काकांना विनंती केली, की चौकाऐवजी मागच्या पडक्या भिंतीपाशी टाका. काका आधी रागावले, मग ऐकले. महिन्याभरात टोळीचा मुक्काम चौकातून भिंतीपाशी हलला आणि पोरांची शाळेची वाट मोकळी झाली.

कुत्र्याशी वैर धरणे हा तसा आमच्या मुलखाचा स्वभावच नव्हे. आमच्याच जिल्ह्यात माहूरला दत्तात्रेयाचे ठाणे. त्यांच्या पायाशी चार कुत्री असतात. लोहा तालुक्यातल्या माळेगावला खंडोबाची यात्रा भरते. तिथे घोड्या-कोंबड्यांबरोबर कुत्र्यांचेही प्रदर्शन असते, आणि स्वतःला देवाचा कुत्रा म्हणवणारा वाघ्या मानाने भंडारा उधळतो. शेजारच्या हिंगोली जिल्ह्यातल्या नर्सीचे नामदेव तर पोळी पळवणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावले. आपण नामदेव नव्हे. आपल्या हातात छत्री असली तरी चालेल. विष मात्र नसावे.

आता या दिवसांपुरती एक सूचना. फटाके सुरू झाले की घरचे कुत्रे हिसका देऊन पळते आणि अनोळखी हद्दीत शिरते. म्हणून दिवाळीत चिंगीचे फिरणे सूर्यास्तापूर्वी आटोपते, आणि रात्री दारे लावून तिला आतल्या खोलीत ठेवतो. गेल्या लक्ष्मीपूजनाला रात्री मी पणती विझली का पाहायला बाहेर आले, तर आमच्या पायरीखाली तोच काळा दादा अंग चोरून थरथरत बसला होता. मी त्याला हाकलले नाही. दार लावून घेतले आणि पायरीवर पोते टाकले.