पटावर उरलेले सात

बुद्धिबळाच्या पटावरून सगळे मोहरे उचला आणि फक्त दोन राजे ठेवा. खेळ म्हणून यात काही उरलेलं नाही, बरोबरी झाली. पण हे दोन राजे पटावर किती तऱ्हांनी उभे राहू शकतात, ते मोजून पाहा. एक राजा कोपऱ्यात असेल, तर त्याचं घर आणि लगतची तीन घरं सोडून दुसऱ्याला ६० घरं मिळतात. पहिला कडेच्या घरात असेल तर ५८, आणि मधल्या ३६ घरांपैकी एखाद्यात असेल तर ५५. चार कोपरे, कडेची २४ घरं आणि मधली ३६ असा गुणाकार करून बेरीज मांडली की ३,६१२ येतात. पट फिरवून किंवा उलटवून ज्या मांडण्या एकसारख्याच होतात त्या गाळल्या, की उरतात ४६२.

हा आकडा वहीत मावतो. आता तिसरा मोहरा ठेवा, कुठलाही. मांडण्या होतात ३,६८,०७९. चौथा ठेवला की १२ कोटी ५२ लाखांवर, पाचवा ठेवला की २,५९१ कोटी. सहा मोहऱ्यांच्या ३.७८ लाख कोटी आणि सात मोहऱ्यांच्या ४२३.८ लाख कोटी. हे सात दोन्ही राजे धरून आहेत. प्रत्येकाकडे राजा, हत्ती आणि एखादं प्यादं, वर कुणाकडे तरी आणखी एक प्यादं: दादरच्या कुठल्याही शालेय स्पर्धेत दुपारी तीनच्या सुमाराला निम्म्या पटांवर अशीच काहीतरी अवस्था असते.

भास्कराचार्यांनी ‘लीलावती’त संख्यांची नावं परार्धापर्यंत दिली आहेत. परार्ध म्हणजे एकावर १७ शून्यं. त्या मोजणीत पाच मोहऱ्यांच्या मांडण्या खर्वांत येतात, सहांच्या महापद्मांत, सातांच्या जलधींत आणि आठांच्या मध्यांत. संपूर्ण खेळात नियमाने शक्य असलेल्या मांडण्यांचा जॉन ट्रॉम्प यांनी काढलेला अंदाज ४८ वर ४३ शून्यं इतका आहे. परार्धाला परार्धाने गुणायचं, त्याला पुन्हा खर्वाने गुणायचं, आणि येईल त्याची जवळजवळ पाचपट करायची.

शून्यं नुसती वाचून हे अंगाला लागत नाही. वेळात मोजलं की लागतं. दर सेकंदाला एक मांडणी पाहायची असं धरू. दोन राजांचं काम पावणेआठ मिनिटांत उरकतं. तीन मोहऱ्यांना सव्वाचार दिवस लागतात आणि चारांना जवळपास चार वर्षं. पाच मोहऱ्यांना ८२१ वर्षं लागतील, म्हणजे ते काम आज संपवायचं तर ज्ञानेश्वरी सांगितली जाण्याच्या ८०हून अधिक वर्षं आधीच बसायला हवं होतं. सहा मोहऱ्यांना १ लाख २० हजार वर्षं, सातांना १ कोटी ३४ लाख वर्षं. आणि आठांना १२१ कोटी वर्षं! मलबार हिलच्या उतारावर किंवा शिवडीच्या टेकडीवर जो काळा दगड उघडा पडलेला दिसतो, तो लाव्हा सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. तो थंड होऊ लागला तेव्हा कुणी सात मोहरे मांडून बसलं असतं, तर केव्हाच मोकळं झालं असतं. आठ मोहरे मांडून बसलेल्याचं मात्र अजून विसाव्या हिश्श्याच्या आसपासच काम झालं असतं.

यंत्रांनी सातपर्यंत मजल मारली आहे. त्यांची रीत उलटी असते: आधी मात झालेल्या सगळ्या मांडण्या गोळा करायच्या, मग एका चालीत तिथे पोचवणाऱ्या, मग दोन चालींत, असं मागे मागे जायचं. २०१२ साली मॉस्को विद्यापीठातल्या लोमोनोसोव्ह महासंगणकावर सात मोहऱ्यांचा कोठा, म्हणजे अशा सगळ्या मांडण्यांच्या उत्तरांचा साठा, पुरा झाला, त्याला १४० टेराबाइट जागा लागली. २०१८ साली पुऱ्या झालेल्या सिझिजी कोठ्यांनी तेच काम १७ टेराबाइटांच्या आसपास बसवलं. लोमोनोसोव्हच्या कोठ्यात वजीर आणि प्यादं विरुद्ध हत्ती, उंट, घोडा अशी एक अवस्था सापडली. दोन्ही बाजूंनी एकही चूक न करता खेळलं तर तिथे मात होते ५४९व्या चालीला! त्यातल्या शेकडो चाली अशा आहेत की ही का केली, याचं उत्तर जगज्जेत्यालाही देता येऊ नये.

माणसाने हे शिकायचं कसं, हा प्रश्न मुंबईत फार जुना आहे. १८१४ साली मुंबईत एक इंग्रजी पुस्तक छापलं गेलं. त्रिवेंगडाचार्य शास्त्री यांच्या मूळ संस्कृत ग्रंथाचं ते भाषांतर होतं. त्यात मुख्यतः पटावरचे अवघड प्रसंग मांडलेले आहेत, शिकणाऱ्याची तयारी आणि स्मरण वाढावं म्हणून. मोजके प्रसंग निवडून त्यांतून खेळ शिकवायचा, हीच वाट पुढे १९४१ साली रूबेन फाइन यांच्या ‘बेसिक चेस एंडिंग्ज’ या ग्रंथाने धरली. पावणेसहाशे पानं आणि सहाशेच्या घरात आकृत्या. चाली लिहिण्याची त्यातली जुनी इंग्रजी पद्धत अशी, की पांढऱ्याकडून आणि काळ्याकडून प्रत्येक घराचं नाव वेगळं. ६४ घरांना १२८ नावं. वाचताना क्षणोक्षणी डोक्यात पट फिरवावा लागे, आणि माझ्या मते त्यानेच नजर पक्की होत असे.

खाडिलकर भगिनींची वर्षं या ग्रंथयुगातली. नीलकंठ खाडिलकर हे गिरगावातून निघणाऱ्या ‘नवाकाळ’ दैनिकाचे तेव्हाचे संपादक, त्यांच्या या मुली. १९७४ साली महिलांची पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली, ती वासंती यांनी जिंकली. पुढे जयश्री आणि रोहिणी. दहा वर्षं ते विजेतेपद या एका घरात राहिलं. रोहिणी १९७६ साली तेराव्या वर्षी राष्ट्रीय विजेत्या झाल्या आणि १९८१ व १९८३ साली आशियाई विजेत्या. तेव्हा लांबलेला डाव तहकूब होई. पुढची चाल लिहून पाकिटात बंद करायची आणि पंचांच्या हाती द्यायची. मग रात्र हातात उरे, ती पट, पुस्तक आणि आपलं डोकं यांच्या भरवशावर काढायची. कोठे उघडून उत्तर पाहायची सोय खेळाडूंच्या हाती नव्हती. त्या काळात या तिघींनी जे मिळवलं, त्याचं मोल आज आकड्यांच्या शेजारी ठेवल्यावर अधिकच कळतं.

कारण पुस्तकात जे थोडं असतं तेच कामाचं असतं. हत्ती-प्याद्याच्या डावातली ‘लुसेना’ घ्या. पांढऱ्याचं प्यादं सातव्या ओळीत, त्याचा राजा त्याच प्याद्यापुढे आठव्या घरात अडकलेला, काळ्याचा हत्ती शेजारच्या उभ्या ओळीवरून त्याला बाहेर येऊ देत नाही. पांढरा हत्तीने शह देऊन काळ्या राजाला आणखी एक ओळ लांब ढकलतो. मग हत्ती चौथ्या आडव्या ओळीत आणून ठेवतो, आणि ही चाल प्रथम पाहणाऱ्याला निरर्थक वाटते. आता राजा बाहेर पडतो. काळा शहामागून शह देतो, राजा एकेक पायरी खाली उतरत पाचव्या ओळीत येतो, आणि पुढचा शह येताच चौथ्या ओळीतला तो हत्ती आडवा घसरत मध्ये उभा राहतो. शह संपले, प्यादं वजीर होणार. ही एक युक्ती समजली की कोठ्यातल्या अगणित मांडण्या एका दमात समजतात. स्पॅनिश ग्रँडमास्टर हेसूस दे ला विया यांनी तर माहीत असायलाच हव्यात अशा फक्त १०० अवस्थांचं पुस्तक केलं. ४२३ लाख कोटींच्या समोर १००!

पुस्तकं चुकलीही आहेत. वजीर विरुद्ध हत्ती हा सरळ विजय, असं ती सांगत आली. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस केन थॉम्पसन यांच्या कोठ्याने हत्तीच्या बाजूने बचाव केला, आणि अमेरिकेचे ग्रँडमास्टर वॉल्टर ब्राऊन यांना वजीर हाती असून पहिल्या खेपेला ५० चालींत जिंकता आलं नाही. अधिकाधिक ३१ चालींचं काम ते! घरी अभ्यास करून ते परत आले आणि बरोबर ५०व्या चालीत जिंकले.

दोन उंट विरुद्ध एक घोडा ही त्याहून मोठी गोष्ट. क्लिंग आणि हॉरविट्झ यांनी १८५१ साली घोड्याचा एक भक्कम बचाव दाखवला. तो अभेद्य आहे, डाव बरोबरीचा आहे, हे शंभरहून अधिक वर्षं शिकवलं गेलं, फाइन यांच्याकडेही तेच. १९८३ साली थॉम्पसन यांच्या कोठ्याने सांगितलं की जवळपास प्रत्येक मांडणीतून उंटांची बाजू जिंकते, मात्र घोडा पकडायला ६६ चालींपर्यंत लागू शकतात. ५० चालींत काही मारलं गेलं नाही आणि प्यादंही हललं नाही तर बरोबरी मागता येते, हा नियम. जागतिक संघटनेने अशा काही अवस्थांसाठी मर्यादा वाढवून पाहिली आणि १९९२ साली पुन्हा सरसकट ५० केली. म्हणून त्यातल्या सर्वांत लांबलेल्या अवस्था प्रत्यक्ष स्पर्धेत आजही बरोबरीतच सुटू शकतात, १८५१च्या पुस्तकात लिहिल्याप्रमाणे.