बॉडी बदलते, लेन्स राहते: पहिला ‘खरा’ कॅमेरा घेताना



आजच्या भागाला निमित्त आहे एक व्हॉइस मेसेज. साताऱ्याच्या एका श्रोत्याने पाठवलाय. तो म्हणतो, “दादा, तीन वर्षं मोबाइलवर फोटो काढतोय. आता लेन्स बदलता येणारा कॅमेरा घ्यायचाय. चाळीस हजार साठलेत. कुठला घेऊ?”

मित्रा, उत्तर देतो. पण आधी माझी फजिती ऐक, कारण तुझ्यासारखेच साठवलेले पैसे मी एकदा चुकीच्या जागी घातलेत.

कबड्डीची ती रात्र

पहिल्या नोकरीच्या पगारातून मी कॅमेरा घेतला. चोवीस मेगापिक्सेलची बॉडी आणि सोबत आलेली १८-५५ची किट लेन्स. जवळचे सगळे पैसे त्यातच संपले. पंधरा दिवसांनी माझ्या चुलत बहिणीची कबड्डीची मॅच होती. गावच्या मैदानावर, रात्री, हॅलोजनच्या उजेडात. मी ऐटीत बाउंडरीला जाऊन बसलो.

घरी येऊन फोटो उघडले तर एकही धड नाही. चेहऱ्याच्या जागी नुसता फराटा. आयएसओ ६४०० पर्यंत चढवला होता, तरी शटर १/६० च्या वर जात नव्हता. रेड टाकणारी पोरगी १/६० सेकंदात किती हलते ते विचारू नका! पुढच्याच महिन्यात बहिणीचा गुडघा गेला, लिगामेंट. तिची ती शेवटची मॅच ठरली. आणि तिचा एकही स्वच्छ फोटो माझ्याकडे नाही.

दोष कॅमेऱ्याचा नव्हता. मी पैसे लावले बॉडीवर, आणि माझं काम अडलं होतं लेन्सवर.

दहापट उजेड कुठून येतो?

किट लेन्सवर लिहिलेलं असतं ३.५-५.६. हा एफ नंबर. आकडा जितका लहान, तितकं लेन्सचं तोंड जास्त उघडतं. किट लेन्स झूम करून ५५ एमएमला नेली की एफ ५.६ वरच अडकते. त्याऐवजी ५० एमएम एफ १.८ ची साधी प्राइम लेन्स लावली, तर साधारण दहापट उजेड आत येतो. म्हणजे त्याच मैदानावर, त्याच आयएसओला, १/६० च्या जागी १/५०० मिळाला असता. फराट्याच्या जागी बहिणीचा चेहरा आला असता.

प्राइम म्हणजे झूम नसलेली लेन्स. जवळचं हवं तर स्वतः दोन पावलं पुढे जायचं. पण ५० एफ १.८ ही बहुतेक कंपन्यांच्या यादीतल्या सर्वांत स्वस्त लेन्सपैकी एक असते. म्हणून माझा पहिला नियम: बजेटच्या निम्म्यापेक्षा जास्त पैसे बॉडीवर घालू नका.

सेन्सरचं काय?

फुल फ्रेम सेन्सर ३६ × २४ मिलिमीटरचा. एपीएस-सी साधारण २३.५ × १५.६ चा, कॅननचा किंचित लहान. मायक्रो फोर थर्ड्स १७.३ × १३ चा. फुल फ्रेम एपीएस-सीच्या दुपटीहून मोठा, म्हणून अंधारात सरस, हे खरं. पण त्याच्या लेन्सही बहुतेक महाग आणि जड.

आणि मोबाइलच्या तुलनेत एपीएस-सीसुद्धा कितीतरी मोठा आहे. आपल्या बजेटमध्ये एपीएस-सी घ्या आणि निर्धास्त राहा. मेगापिक्सेलच्या नादी लागू नका. चोवीस मेगापिक्सेलमध्ये भिंतीवर लावायला मोठी प्रिंट आरामात निघते.

मैत्री बॉडीशी, लग्न माउंटशी

आता सगळ्यात महत्त्वाचं. बॉडीला लेन्स जिथे अडकते त्या कड्याला माउंट म्हणतात. बॉडी चार-पाच वर्षांनी बदलाल, पण लेन्स तुमच्याकडे राहणार. म्हणून खरी निवड माउंटची असते.

निकॉनचा एफ माउंट १९५९ चा, कॅननचा ईएफ १९८७ चा. हे डीएसएलआरचे, म्हणजे आत आरसा असलेल्या कॅमेऱ्यांचे माउंट. इतकी वर्षं चालल्यामुळे जुन्या बाजारात यांच्या लेन्सचा ढीग आहे. २०१८ मध्ये कॅननने आरएफ आणि निकॉनने झेड हे मिररलेसचे नवे माउंट आणले. आता दोघांचाही भर तिकडेच आहे. मग डीएसएलआर घेणं वेडेपणा का? अजिबात नाही. लोक मिररलेसकडे वळतायत म्हणून चांगले डीएसएलआर सेकंडहँडमध्ये स्वस्त मिळतात. आणि ईएफ लेन्स अडॅप्टर लावून आरएफ बॉडीवर छान चालतात, म्हणजे आज घेतलेली लेन्स उद्या वाया जात नाही. उलटं मात्र होत नाही, आरएफ लेन्स डीएसएलआरवर बसत नाही.

थेट मिररलेसच हवा असेल तर सोनीचा ई माउंट बघा. २०१० पासून आहे, आणि सिग्मा, टॅमरॉनसारख्या कंपन्यांच्या लेन्स त्याला भरपूर. २०१४ चा ए६००० जुना झालाय, पण चोवीस मेगापिक्सेलचा आहे आणि शिकायला आजही पुरतो.

एक सापळा सांगतो. कॅननची ईओएस एम मालिका २०१२ मध्ये आली आणि आता बंद झालीय. स्वस्तात दिसली की मोह होतो. पण तिच्या ईएफ-एम लेन्स आरएफ बॉडीवर बसत नाहीत. त्या गल्लीला पुढे रस्ता नाही.

“बसेल हो!”

माझी दुसरी चूक. कबड्डीनंतर शहाणा होऊन मी जुनी ५० एमएम शोधायला निघालो. दुकानदाराला विचारलं, “माझ्या बॉडीवर बसेल ना?” तो म्हणाला, “बसेल हो!” आणि बसली. फक्त ऑटोफोकस होईना.

बसणं वेगळं आणि चालणं वेगळं. निकॉनच्या जुन्या एएफ-डी लेन्समध्ये फोकसची मोटर नसते, ती बॉडीत असावी लागते. डी ७२०० मध्ये ती आहे. डी ३५०० आणि डी ५६०० मध्ये नाही, त्यांना एएफ-एस किंवा एएफ-पी लेन्स लागते. हे एक अक्षर मी वाचलं नव्हतं. तेव्हापासून मी “बसेल का” असं विचारत नाही. माझी बॉडी सोबत नेतो, लेन्स लावतो आणि फोकस होतोय का ते बघतो.

सेकंडहँड घेताना

मुंबईत फोर्टच्या बोरा बाजारात जा किंवा ऑनलाइन बघा, पण वस्तू हातात घेतल्याशिवाय पैसे देऊ नका. मी एवढं तपासतो:

१. लेन्सच्या एका बाजूने मोबाइलचा टॉर्च मारा, दुसऱ्या बाजूने बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी. आपल्या पावसाळ्यात, कोकणात तर विशेष, हा रोग फार. अशी लेन्स स्वस्तातसुद्धा नको.

२. एफ १६ वर पांढऱ्या भिंतीचा फोटो काढा. काळे ठिपके दिसले तर सेन्सरवर धूळ आहे. ती साफ होते, पण भाव कमी करून मागा.

३. शटर काउंट विचारा. शटर किती वेळा उडालंय तो आकडा, गाडीच्या किलोमीटरसारखा. काही कंपन्यांच्या कॅमेऱ्यात तो मूळ जेपीईजी फाइलमध्येच सापडतो.

४. बिलावरचा सिरियल नंबर बॉडीवरच्या नंबराशी जुळवा. जुळला नाही तर माल चोरीचा असू शकतो.

५. भर उन्हात कॅमेरा डोळ्याला लावून बघा. निकॉन झेड ३० सारख्या व्हिडिओसाठीच्या काही कॅमेऱ्यांना व्ह्यूफाइंडर नसतो. समुद्रकिनारी दुपारी नुसत्या स्क्रीनवर काही दिसत नाही.

घरी आणल्यावर कपाटात कोंबू नका. हवाबंद प्लास्टिकचा डबा आणि सिलिका जेलच्या पुड्या, एवढ्यात पावसाळा निघतो.

तर चाळीस हजारांचं काय?

साताऱ्याच्या मित्रा, माझी वाटणी अशी. वीस हजारांच्या आत सेकंडहँड एपीएस-सी बॉडी, जमलं तर किट लेन्ससकट. दहा-बारा हजारांत एक एफ १.८ प्राइम. उरलेल्यात चांगलं मेमरी कार्ड, जादा बॅटरी आणि डबा. थोडे शिल्लक ठेव, प्रवासाला. कॅमेरा घेतला आणि एसटीच्या तिकिटाला पैसे नाहीत, तर फोटो कुठले काढणार?

आणि एक काम आजच कर. मोबाइलमधले गेल्या वर्षीचे शंभर आवडते फोटो उघड. त्यात माणसं जास्त आहेत, किल्ले जास्त आहेत की पक्षी? माणसं असतील तर ५० एमएम. किल्ले असतील तर किट लेन्सची १८ एमएम बाजू सध्या पुरेल. पक्षी असतील तर लांबची टेलिफोटो लागेल, तिला बजेट वाढवावं लागेल, म्हणून थोडा थांब. कुठला कॅमेरा घेऊ, हे त्या शंभर फोटोंना विचार.

जाता जाता सांगतो. माझी बहीण आता शाळेतल्या मुलींना कबड्डी शिकवते. गेल्या महिन्यात तिच्या टीमची मॅच होती, त्याच मैदानावर, तसल्याच उजेडात. माझी बॉडी तीच जुनी. लेन्स ५० एफ १.८, या वेळी ऑटोफोकस होणारी. शटर १/५००. बाउंडरीवरून ओरडणाऱ्या ताईसाहेबांचा एक फोटो मिळालाय, घामाचा थेंबन् थेंब दिसतो. तिने तो डीपीला लावलाय.

तुमचे प्रश्न व्हॉइस मेसेजने पाठवत राहा. पुढच्या भागात रॉ फाइल मोबाइलवरच कशी एडिट करायची ते बघू. तोवर फोटो काढत राहा. भेटूया!