तेराव्या दिवसानंतर...

वीकेंडला कॉलेज रोडवर कॉफी पिताना आपण काय काय बोलतो! अप्रेझल, बॉस, ईएमआय, गोव्याचा प्लॅन. पण ग्रुपमधल्या कुणाच्या घरी आत्महत्या झाली असेल तर? सगळे एकदम गप्प. ‘काय बोलायचं यार, त्याला उगाच वाईट वाटेल,’ म्हणत आपण विषय टाळतो. आणि हळूहळू त्या माणसालाही.

हा गप्पपणा मोडणाऱ्या वैशाली येडे यांची ही गोष्ट. यवतमाळ जिल्ह्यातलं राजूर हे त्यांचं गाव. शेतकरी नवऱ्याने २०११ मध्ये आत्महत्या केली. पदरात लहान मुलं. अंगणवाडीतलं काम आणि शिवणकाम करत त्यांनी संसार ओढला. मग आयुष्यात आलं एक नाटक, ‘तेरवं’. लेखक श्याम पेठकर, दिग्दर्शक हरीश इथापे. यातल्या बायका कसलेल्या नट्या नाहीत. शेतकरी आत्महत्येने ज्यांची घरं विस्कटली, त्याच इथे स्टेजवर उभ्या राहतात. तेरवं म्हणजे तेराव्याचा विधी. तो उरकला की पाहुणे आपापल्या घरी जातात आणि बाईची खरी लढाई सुरू होते!

११ जानेवारी २०१९. यवतमाळचं ९२ वं साहित्य संमेलन. नयनतारा सहगल यांचं निमंत्रण रद्द झाल्याने वातावरण तापलेलं. उद्घाटनाला उभ्या राहिल्या वैशालीताई. अडचणीत दिल्लीतली नाही, गल्लीतलीच बाई कामी येते, असं त्यांनी ठणकावलं. मेलेल्यांसाठी रडून न थांबता मागे उरलेल्यांसाठी त्या बोलल्या. त्याच वर्षी त्यांनी लोकसभेची निवडणूकही लढवली. हरल्या, पण गप्प बसल्या नाहीत.

तिकडे अमेरिकेतही असंच घडलं. सिनेटर हॅरी रीड यांच्या वडिलांनी १९७२ मध्ये आत्महत्या केली होती. रीड यांनी पुढाकार घेतला आणि १९९९ मध्ये सिनेटने अशा कुटुंबांसाठी वर्षातला एक दिवस ठरवला.

‘हे शेतकऱ्यांचं, आपलं काय?’ असं वाटतंय? २०२२ मध्ये देशात १,७०,९२४ आत्महत्यांची नोंद झाली. त्यातल्या २२,७४६ महाराष्ट्रातल्या, म्हणजे सर्व राज्यांत जास्त. कारणांत सगळ्यात वर कौटुंबिक प्रश्न आणि आजारपण. म्हणजे फ्लॅट संस्कृतीही यातून सुटलेली नाही. प्रत्येक आकड्यामागे एक घर आहे. त्यातलं कुणी तुमच्या शेजारच्या डेस्कवरही असू शकतं.

मग आपण काय करायचं?

* ‘तुला आधी कळलं कसं नाही?’ हा प्रश्न चुकूनही नको. तो स्वतःला रोज हेच विचारत असतो.
* गेलेल्या माणसाचं नाव घ्या, आठवणी काढा. नाव टाळलं की जखम भरत नाही.
* तेराव्यानंतरही फोन करा. महिन्याने, सहा महिन्यांनी, वर्षश्राद्धालाही.
* कुणाची काळजी वाटत असेल तर ‘जीव द्यावासा वाटतो का?’ असं सरळ विचारा. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. उलट मन मोकळं होतं.
* टेली मानस, १४४१६. सरकारी हेल्पलाइन, मोफत, चोवीस तास, मराठीतही. नंबर आत्ताच सेव्ह करा.

आणि हो, सोमवारी ऑफिसला गेलात की त्या शेजारच्या डेस्कवाल्याला चहाला न्या. बोलायला काहीच सुचलं नाही तरी चालेल. नुसतं सोबत बसा.