ओरडली का नाही?

वडसा-देसाईगंज आज गडचिरोली जिल्ह्यात आहे. १९७२ साली चंद्रपूर जिल्ह्यात होतं. त्या वर्षी २६ मार्चच्या रात्री तिथल्या पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीला जबाबासाठी आणलं. ज्याच्याशी लग्न करायचं तिनं ठरवलं होतं, त्यानंच तिला पळवल्याची तिच्या भावाची तक्रार होती. जबाब झाले, बाकीच्यांना जायला सांगितलं आणि तिला एकटीला थांबवून घेतलं. मग ठाण्यातल्या दोन पोलिसांनी अत्याचार केल्याचं तिनं सांगितलं. मोलमजुरी करणारी ती पोर, वय चौदा ते सोळाच्या दरम्यान. कायद्याची पुस्तकं तिला मथुरा म्हणतात.

मी नागपुरात वकिली करते आणि एका कॉलेजात कायदा शिकवते. बलात्काराचं कलम आलं की नाव-गाव न सांगता हीच हकिगत मांडते आणि वर्गात वाद लावून देते. दर वर्षी पहिला प्रश्न ठरलेला: "मॅडम, घरचे बाहेरच होते ना? मग ओरडली का नाही?" दुसरा बहुधा एखाद्या मुलीचा असतो: "पण आधी त्या पोराबरोबर होतीच ना ती?" पोलिसांचं चारित्र्य कसं होतं, हे आजवर कुणी विचारलेलं नाही.

मग मी सांगते, की तुम्ही न्यायाधीशांसारखंच बोलताय. चंद्रपूरच्या सत्र न्यायालयानं १९७४ साली तिच्या पूर्वीच्या संबंधांवर बोट ठेवून दोन्ही पोलिसांना सोडलं. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं १९७६ मध्ये शिक्षा दिली. भीतीपोटी निमूट सोसणं म्हणजे संमती नव्हे, असं या खंडपीठानं म्हटलं. मला हा निकाल फार मोठा वाटतो; नागपूरकर म्हणून थोडा जास्तच! पण १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं अंगावर जखमा नाहीत, आरडाओरडा नाही म्हणून दोघांना निर्दोष ठरवलं. रात्रीचं पोलीस ठाणं, समोर वर्दी, आणि अपेक्षा झटापटीची.

पुढच्या वर्षी उपेंद्र बक्षी, वसुधा धागमवार, लोतिका सरकार आणि रघुनाथ केळकर या कायद्याच्या चार प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं. १९८० मध्ये बायका रस्त्यावर उतरल्या. १९८३ मध्ये कायदा बदलला: कोठडीतल्या प्रकरणात शरीरसंबंध सिद्ध झाला आणि संमती नव्हती असं बाईनं कोर्टात सांगितलं, तर कोर्टानं संमती नव्हती असंच धरून चालायचं. तरी बलात्काराच्या खटल्यात तक्रारदार बाई 'बदचालीची' आहे हे दाखवून तिची साक्ष खोडायची मुभा पुराव्याच्या कायद्यात या शतकाच्या सुरुवातीपर्यंत होतीच. दहा बायकांशी संबंध ठेवलेल्या पुरुषाची साक्ष तेवढ्यासाठी कुणी खोडत नसे. २०१३ मध्ये संमतीची व्याख्या आली. शब्दांनी, खुणेनं, कसाही, पण होकार स्पष्ट आणि आपखुशीचा हवा, तोही त्या विशिष्ट कृतीसाठी. प्रतिकार केला नाही म्हणजे होकार दिला, असं होत नाही.

इथे मुलं वैतागतात. दर वेळी विचारत बसायचं का? मुली तर लाजून नाहीच म्हणतात! त्यांचाही पूर्ण दोष नाही. नाही म्हणणाऱ्या नायिकेच्या मागे तीन तास हिंडून तिला मिळवणारा नायक त्यांनी पडद्यावर लहानपणापासून पाहिलाय. पुरुषाला नकोसं वाटूच शकत नाही, हेही तिथलंच शिक्षण. एकदा मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "माझी स्कुटी न्यायला किल्ली मागतोस ना? काल दिली म्हणून आज न विचारता नेतोस का?" त्यावर बराच गोंधळ झाला.

खरा गोंधळ मात्र नवरा-बायकोवर येतो. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली. तिच्या कलम ६३ नेही जुना अपवाद जपलाय: बायको अठरा वर्षांखालची नसेल तर नवऱ्यानं केलेली जबरदस्ती बलात्कार ठरत नाही. हा अपवाद जावा असं माझं मत आहे आणि मी ते लपवत नाही. घरं मोडतील, खोट्या तक्रारी होतील, असं निम्मा वर्ग म्हणतो. खोट्या तक्रारी चोरीच्याही होतात, त्या तपासायला कोर्ट असतं, हे मी सांगते. "पण मॅडम, लग्न केलंय ना तिनं," असं उत्तर येतं. तास संपल्यावरही भांडण जिन्यापर्यंत चालतं, आणि दोन-चार दिवसांत वरून निरोप येतो की पुढच्या वेळी सायबर कायदा घ्यावा.